हॅरिस शील्डमधला हॅरिस

मुंबईतल्या शाळकरी मुलाच्या कानावर 'हॅरिस शील्ड' हे शब्द इतक्या लहान वयात पडतात की त्यांचा अर्थ विचारायचे त्याला सुचतच नाही. लहान मुलांची गाइल्स, मोठ्या मुलांची हॅरिस आणि पुढे नशिबात असेल तर भर पावसाळ्यातली कांगा लीग! या तीन पायऱ्या चढून गेलेल्यांची नावे आपल्याला पाठ असतात. पण ज्यांची नावे या पायऱ्यांना दिली ती माणसे कोण होती, हे विचाराल तर दहांतले नऊ जण गप्प बसतील आणि दहावा विषय बदलील.

मी स्वतः शाळेकडून हॅरिस शील्डचे चार सामने खेळलो. चार सामन्यांत मिळून माझ्या खात्यावर अकरा धावा आणि तीन बळी जमा आहेत. एवढ्या भांडवलावर कुणी क्रिकेटपटू होत नाही, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या क्रीडाशिक्षकांना मी एकदा विचारले होते, "सर, हा हॅरिस कोण?" त्यांनी क्षणभर विचार करून सांगितले, "असेल कुणी साहेब. तू आधी लेंग्थवर टाक." सल्ला चांगला होता, उत्तर मात्र अपुरे होते. पुढे महाविद्यालयात आल्यावर इतिहास विषय घेतला आणि ग्रंथालयाच्या कपाटांतून हा साहेब हळूहळू भेटत गेला. त्याची ओळख आपल्यालाही करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८५१ रोजी वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर झाला. वडील तेव्हा तिथले गव्हर्नर होते; नंतर ते मद्रासचेही गव्हर्नर झाले. हिंदुस्थानशी या घराण्याचे नाते त्याहून जुने. पणजोबा जनरल हॅरिस १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात इंग्रज फौजेचे सेनापती होते. टिपू सुलतान पडला तो याच लढाईत. घराण्याला जी सरदारकी मिळाली तिच्या किताबात श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर ही दोन्ही नावे आहेत. म्हणजे ज्या बाळाने त्रिनिदादमध्ये डोळे उघडले, त्याच्या नावाला आपल्या देशातल्या एका पडलेल्या किल्ल्याचे नाव आधीपासूनच चिकटलेले होते.

शिक्षण ईटनला, मग ऑक्सफर्डला. १८७२ साली वडील वारले आणि एकवीस वर्षांचा हा तरुण चौथा लॉर्ड हॅरिस झाला. केंट परगण्यातले बेलमाँट हे घर, जमीन, हाउस ऑफ लॉर्ड्समधली जागा आणि जोडीला क्रिकेट! १८७५ ते १८८९ अशी तब्बल पंधरा वर्षे ते केंटचे कप्तान होते. फलंदाजी आक्रमक, क्षेत्ररक्षण उत्तम आणि शिस्त कडक. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यांनी सुमारे दहा हजार धावा काढल्या, तेव्हा केवळ किताबाच्या जोरावर संघात शिरलेला हा माणूस नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

आता कप्तानपदाकडे वळू. इंग्लंडचे पहिले कसोटी कप्तान हॅरिस नव्हेत. मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला जो पहिला कसोटी सामना झाला, त्यात इंग्लंडचे नेतृत्व ससेक्सच्या जेम्स लिलीव्हाइटने केले. लिलीव्हाइट हा धंदेवाईक खेळाडू होता. खेळायचे, मजुरी घ्यायची आणि घर चालवायचे हा त्याचा शिरस्ता. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये त्या काळी दोन जाती होत्या. पैसे न घेता खेळणारे ते 'जंटलमेन' आणि पैसे घेऊन खेळणारे ते 'प्लेयर्स'. दोघांची कपडे बदलण्याची खोली वेगळी. कित्येक मैदानांवर खेळपट्टीकडे जाण्याचे फाटकही वेगळे. एकाच संघाकडून खेळणारी, एकाच चेंडूमागे धावणारी माणसे दोन दारांनी मैदानात उतरत. आपल्याला हे वाचून आश्चर्य वाटायचे काहीच कारण नाही. दोन दारांचा, दोन पाणवठ्यांचा अनुभव आपल्या समाजाला इंग्रजांहून फार जुना आहे.

लिलीव्हाइटनंतर दुसरे कप्तान लॉर्ड हॅरिस. १८७८-७९ च्या हिवाळ्यात ते ऑस्ट्रेलियाला संघ घेऊन गेले. संघ जवळजवळ सगळा जंटलमेनांचा. फक्त यॉर्कशायरचे जॉर्ज युलिएट आणि टॉम एमेट हे दोन धंदेवाईक बरोबर घेतलेले. गोलंदाजीचे ओझे मुख्यतः या दोघांच्या खांद्यांवर होते, हे ओघानेच आले! जानेवारी १८७९ मध्ये मेलबर्नला झालेला एकमेव कसोटी सामना इंग्लंडने दहा गड्यांनी गमावला. स्पॉफर्थने कसोटीतली पहिली हॅट्‌ट्रिक केली ती याच सामन्यात.

पण हा दौरा लोकांच्या ध्यानात राहिला तो वेगळ्याच कारणाने. ८ फेब्रुवारी १८७९ रोजी सिडनीला न्यू साउथ वेल्सविरुद्ध सामना चालू होता. यजमानांचा लाडका फलंदाज बिली मर्डॉक याला पंच जॉर्ज कोल्टहार्डने धावबाद दिले. पंच मेलबर्नचा, म्हणजे सिडनीकरांच्या दृष्टीने शत्रूच्या गावचा. त्याला इंग्रज संघानेच आणलेला. त्यात प्रेक्षकांत पैजा लावणाऱ्यांचा सुळसुळाट. मग काय विचारता! हजारोंचा जमाव दोऱ्या ओलांडून मैदानात घुसला. पंचाच्या मदतीला धावलेल्या हॅरिस यांच्या अंगावर एकाने काठीचा तडाखा दिला. त्यांचा सहकारी हॉर्नबी याने त्या इसमाला बखोटीला धरून ओढत नेले. त्या झटापटीत हॉर्नबीचा सदरा फाटला. यजमान कप्तान ग्रेगरीने पंच बदलण्याची मागणी केली. हॅरिस यांनी ठाम नकार दिला आणि सामना हातचा जाऊ नये म्हणून ते दंग्याच्या मधोमध मैदानातच उभे राहिले. दुसरा पंच होता एडमंड बार्टन नावाचा तरुण. पुढे हाच बार्टन ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला.

मैदानात उभे राहण्याचे हे धैर्य मला मनापासून आवडते. दंगलखोर जमावापुढे पंचाचा निर्णय विकायचा नाही, ही गोष्ट सोपी नव्हे. मात्र लगेच पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. हॅरिस यांनी घडल्या प्रकाराचे संतप्त वर्णन करणारे पत्र इंग्लंडला धाडले. ते तिथल्या वर्तमानपत्रात छापले गेले आणि ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावर तिकडचे लोक भडकले. संबंध इतके बिघडले की १८८० साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला आला तेव्हा त्याला मोठे सामने मिळेनात. अखेर सरेचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक यांनी हॅरिस यांची समजूत घातली. ६ ते ८ सप्टेंबर १८८० रोजी ओव्हलवर इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना झाला आणि कप्तान होते लॉर्ड हॅरिस! डब्ल्यू. जी. ग्रेसने १५२ धावा काढल्या, ज्याच्या पायी सिडनीला दंगल झाली त्या मर्डॉकने नाबाद १५३ काढल्या आणि इंग्लंडने सामना पाच गड्यांनी जिंकला. रागावलेला माणूस दीड वर्षात आपला राग गिळून त्याच लोकांशी हस्तांदोलन करतो, यात मोठेपणा आहे. सामना झाला नसता तर कसोटी क्रिकेटचे रोपटे कदाचित कुंडीतच सुकले असते.

१८८४ मध्ये ते आणखी दोन कसोटींत कप्तान होते. त्यांतला ओव्हलचा सामना मोठा गमतीचा. मर्डॉकने २११ धावा काढून कसोटीतले पहिले द्विशतक ठोकले. ऑस्ट्रेलिया काही केल्या बाद होईना, तेव्हा इंग्लंडच्या अकराच्या अकरा जणांनी गोलंदाजी केली. शेवटी यष्टिरक्षक लिटलटन याच्या हाती चेंडू दिला आणि त्याने खालून हात फिरवून टाकलेल्या चेंडूंवर १९ धावांत चार बळी घेतले. एकूण चार कसोटी, चारही कप्तान म्हणून, दोन विजय, एक पराभव, एक अनिर्णित. कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या ५२. कप्तान हॅरिस यांची कसोटी कारकीर्द इथे संपते. आपली गोष्ट मात्र इथूनच सुरू होते.

१८९० साली लॉर्ड हॅरिस मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होऊन आले. हिंदुस्थानी क्रिकेटचे पितृत्व त्यांच्याकडे जाते असे पूर्वीच्या इंग्रज लेखकांनी आवर्जून लिहिले आहे. तारखा पाहिल्या की हे विधान पेलवत नाही. पारशी मंडळींनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला तो १८४८ साली, म्हणजे हॅरिस जन्माला येण्यापूर्वी. पारशी संघ इंग्लंडचा दौरा करून आला १८८६ आणि १८८८ साली. जानेवारी १८९० मध्ये व्हर्ननच्या इंग्रज संघाला मुंबईत पारशांनी हरवले, तेव्हा हे गव्हर्नरसाहेब इकडे यायचेच होते. मूल चालायला लागल्यावर आलेल्या पाहुण्याला बाप म्हणण्याची पद्धत आपल्याकडे तरी नाही!

उलट, ज्या वेळी हिंदुस्थानी खेळाडूंना त्यांची खरी गरज होती तेव्हा साहेबांनी काय केले? एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. त्याच जागेवर बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्या सभासदांना पोलो खेळायचा असे. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्यांची चाळण होई. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने १८८१ पासून अर्जांमागून अर्ज केले. मूठभर साहेबांच्या करमणुकीसाठी शेकडो मुलांचा खेळ का मोडता, एवढाच त्यांचा प्रश्न होता. नवा गव्हर्नर स्वतः इंग्लंडचा कप्तान राहिलेला, खेळपट्टीची किंमत त्याच्याइतकी कुणाला कळणार, अशी आशा धरून हा प्रश्न हॅरिस यांच्यापुढेही गेला. निकाल पोलोच्या बाजूने लागला. शापूरजींनी या साऱ्या झगड्याची हकीकत १८९७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, म्हणून ती आपल्याला कळते.

पुढे केनेडी सी-फेसच्या किनाऱ्याला समुद्र हटवून जी जागा तयार झाली होती, तिथे हॅरिस यांच्या अमदानीत पारशी जिमखान्याच्या ओळीत हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना जमिनी मिळाल्या. हे त्यांचे औदार्य म्हणून सांगितले जाते. पण धोरण काय, तर प्रत्येक जमातीला एक जिमखाना. एकदा तो दिला की बाकीच्यांनी आपापल्या जमातीच्या जिमखान्यात जावे, वेगळी जागा मागू नये. पुढच्या अर्धशतकात मुंबईचे क्रिकेट याच कप्प्यांतून वाढले. तिरंगी, चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने धर्मवार भरत राहिले. गांधीजींनी १९४० मध्ये त्यांना विरोध केला आणि १९४६ नंतर ते बंद पडले. त्या साऱ्याचे खापर एका गव्हर्नरच्या डोक्यावर फोडणे अन्यायाचे होईल. आपल्यालाही वेगळे बसायची हौस होतीच. साहेबाने फक्त ओळीने खुर्च्या मांडून दिल्या.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली. गव्हर्नर त्या वेळी पुण्याला होते आणि मुंबईस यायला त्यांनी लावलेल्या विलंबावर त्या काळीही टीका झाली. हे वाचताना मला पुन्हा पुन्हा सिडनी आठवते. एका धावबादच्या निर्णयासाठी जो माणूस काठ्या खात मैदानात उभा राहिला, तो स्वतःच्या राजधानीत रक्त सांडत असता डोंगरापलीकडे राहिला! माणूस भित्रा नव्हता, हे तर सिद्धच आहे. मग एवढेच म्हणावे लागते की कोणते मैदान आपले आणि कोणते नव्हे, याचा हिशेब त्याच्या मनात स्पष्ट होता.

गव्हर्नर आणि त्यांचा गोतावळा पुण्यात क्रिकेट खेळत होता, त्याच वर्षांत पुण्यातल्याच साहेबांच्या क्लबात एक पोरसवदा मुलगा मैदानाची निगा राखायचे काम करीत होता. नाव पाळवणकर बाळू, जात चांभार. सरावासाठी साहेबांना त्याने चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्याच्या हाती यायची नाही. कॅप्टन ग्रेगसारख्या पट्टीच्या फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करता करता हा मुलगा हिंदुस्थानातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले, पण चहाच्या वेळी त्याचा चहा मातीच्या भांड्यात आणि बाहेर! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने शंभरावर बळी घेतले. योगायोग पाहा, त्याच दौऱ्यात केंटने हिंदुस्थानी संघाविरुद्ध सामना खेळला आणि साठ वर्षांचे लॉर्ड हॅरिस त्यात बॅट घेऊन उतरले. तो त्यांचा प्रथम दर्जाचा शेवटचा सामना.

बाळू कधीच हिंदू संघाचा कप्तान झाला नाही. १९२० मध्ये बरीच ओरड झाल्यावर उपकप्तानपद मिळाले. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ साली कप्तान झाला, तेव्हा कुठे दार उघडले. इंग्लंडमध्ये काही निराळे नव्हते. लिलीव्हाइट, श्रूसबरी हे धंदेवाईक लांबच्या ऑस्ट्रेलियात कप्तान झाले, पण इंग्लंडच्या भूमीवर धंदेवाईक खेळाडूला कप्तान नेमायला १९५२ साल आणि लेन हटन उजाडावा लागला. जंटलमेन-प्लेयर्स हा भेद मोडला १९६२ मध्ये. केंटमध्ये जन्माने लॉर्ड, पुण्यात जन्माने ब्राह्मण किंवा प्रभू. गोलंदाजी करून करून खांदा दुखणारा मात्र दोन्हीकडे दुसराच कुणी.

मायदेशी परतल्यावर हॅरिस एम. सी. सी.चे अध्यक्ष झाले आणि १९१६ पासून अखेरपर्यंत खजिनदार होते. नियमांवर त्यांची नजर करडी. फेकी गोलंदाजीविरुद्ध त्यांनी १८८५ साली लँकेशायरशी केंटचा सामना रद्द करण्यापर्यंत मजल मारली होती. १९२२ साली वॉली हॅमंड हा तरुण ग्लॉस्टरशायरकडून खेळत होता, तेव्हा त्याचा जन्म केंटमधल्या डोव्हरचा म्हणून त्यांनी आक्षेप घेतला आणि त्याला खोळंबून राहावे लागले. जो जिथला त्याने तिथूनच खेळावे, हा त्यांचा आग्रह. १८९६ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीसाठी रणजींना घेतले नाही त्यामागेही त्यांचेच मत होते असे म्हणतात. त्रिनिदादला जन्मून इंग्लंडचे कप्तान झालेल्या गृहस्थाने हा आग्रह धरावा, हे विशेष! १९२१ च्या आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानी माणसात धीर कमी असतो, त्या बाबतीत तो इंग्रजाची बरोबरी करू शकणार नाही, अशा अर्थाचे मत ते देऊन गेले.

गेल्या वर्षी आमच्या वादविवाद मंडळात विषय होता : 'परकीयांची नावे पुसावीत काय?' एका मित्राने हॅरिस शील्डचेच उदाहरण घेतले आणि आवेशाने म्हणाला, "ज्याने आपल्या पोरांची खेळपट्टी घोड्यांना दिली, त्याच्या नावासाठी आपली पोरे अजून उन्हात का राबतात? पाळवणकर बाळूचे नाव द्या." टाळ्या कडाडल्या. बाळूच्या नावाची एक मोठी शालेय स्पर्धा असावी, या मताचा मीही आहे. पण हॅरिस हे नाव पुसून टाकावे असे मला वाटत नाही. नाव पुसले की प्रश्न विचारायची सोयही जाते. ते ढालीवर आहे म्हणूनच कधीतरी एखादे पोर विचारील, हा हॅरिस कोण? तेव्हा उत्तर देणारा शिक्षक मात्र तयार असायला हवा.

शिवाय या नावाचे आपल्या पोरांनी काय केले तेही पाहा. फेब्रुवारी १९८८ मध्ये याच स्पर्धेत शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली; सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. २०१३ साली पृथ्वी शॉने एका डावात ५४६ काढल्या. हे धीर नसलेल्या लोकांचे काम आहे काय? आणि १९८८ चा तो सामना झाला आझाद मैदानावर, म्हणजे पूर्वीच्या एस्प्लनेडच्या त्याच पट्ट्यात, जिथे शापूरजींच्या काळी घोडे धावत. एक प्राध्यापकाचा मुलगा, दुसरा कामगाराचा. दोघे लोकलच्या गर्दीतून किट सांभाळत वाढलेले. शापूरजी सोराबजींचा अर्ज मंजूर व्हायला शंभर वर्षे लागली, पण झाला.

लॉर्ड हॅरिस २४ मार्च १९३२ रोजी बेलमाँटला वारले. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी, २५ जून १९३२ रोजी, ज्या लॉर्ड्सवर त्यांचा शब्द प्रमाण असे तिथे हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. दौऱ्याचे कप्तान म्हणून पोरबंदरचे महाराज गेले होते; रिवाज तोच, जन्माने नेता. पण सामन्याच्या दिवशी महाराजांनी स्वतः बाजूला होऊन नागपूरच्या सी. के. नायडूंना पुढे केले, कारण संघात खेळाने मोठे तेच होते. क्रिकेटच्या पुस्तकांत पोरबंदरच्या महाराजांच्या धावा शोधायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही. मला मात्र वाटते, त्या दिवशी नाणेफेकीच्या आधी त्यांनी जे केले, ते हॅरिससाहेबांना साऱ्या आयुष्यात जमले नाही.